साडेपाचच्या आधीचे दूध

आमच्या घरी रतीबाचे दूध पहाटे येते. फाटकाची कडी वाजते, सासूबाई पातेले घेऊन पायरीवर जातात, मापाने मोजलेले दीड लिटर दूध घेऊन ओट्यापाशी येतात आणि मग भिंतीवरील दिनदर्शिकेत त्या दिवसाच्या चौकोनात पेन्सिलीने खूण करतात. दूध नेहमीप्रमाणे आले तर टिंब, खाडा झाला तर फुली, पाहुण्यांसाठी वाढीव घेतले तर टिंबाशेजारी अधिकाचे चिन्ह आणि आकडा. महिना संपला की टिंबे मोजायची, भावाने गुणायची आणि पैसे पाकिटात घालून दूधवाल्या मामांच्या हाती द्यायचे. चाळीस वर्षे हा क्रम चालला. इतक्या वर्षांत हिशोबावरून एकदाही शब्दाला शब्द लागला नाही, हे त्या फार अभिमानाने सांगत.

गेल्या वर्षी त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा विकार वाढला. समोरचे मोठे अक्षर दिसते, चेहरे ओळखू येतात, पण दिनदर्शिकेतील चौकोन दिसत नाहीत. एका महिन्यात एकाच चौकोनात तीन टिंबे पडली आणि शेजारचे दोन चौकोन कोरे राहिले. त्या दिवशी त्यांनी पेन्सिल माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, “आता हे तूच बघ बाई.” घरातील बहुतेक व्यवहार त्यांनी याआधीच एकेक करून आमच्याकडे सोपवले होते. दुधाचा हिशोब तेवढा त्यांच्या हाती उरला होता. ती पेन्सिल उचलताना मला बरे वाटले नाही.

नेमक्या त्याच सुमारास मी जावास्क्रिप्ट शिकत होते. वयाच्या चौपन्नाव्या वर्षी ही हौस कशाला, असे घरात कोणी उघडपणे विचारले नाही, पण मनात सर्वांच्याच आले असावे. लग्नापूर्वी मी वाणिज्य शाखेची पदवी घेतली होती. माहेरी वडिलांची हळदीची आडत होती आणि रोजकीर्द, खतावणी हे शब्द मी शाळेत जाण्याआधी ऐकलेले होते. मुलगी पुण्यात संगणकाच्या कामात आहे. तिच्या बोलण्यातील निम्मे शब्द कळत नाहीत, ही टोचणी बरीच वर्षे होती. दुपारची जेवणे आटोपली की मी तिच्या जुन्या लॅपटॉपसमोर बसे आणि दीड-दोन तास धडे गिरवी. सहा आठवडे झाले, तरी धडा मिटला की काही आठवत नसे. मुलगी फोनवर म्हणाली, “आई, दुसऱ्यांची उदाहरणं किती दिवस गिरवणार? घरातलंच एखादं काम घे आणि ते करून बघ.” काम तर भिंतीवर टांगलेलेच होते.

सासूबाईंना दिसेल आणि वापरता येईल असे एक पान करायचे, असे मी ठरवले. जुना टॅब्लेट ओट्याशेजारच्या फळीवर उभा करायचा. पडद्यावर तळहाताएवढी तीन बटणे: ‘आले’, ‘खाडा’, ‘वाढीव’. पहाटे दूध घेतले की बटण दाबायचे. खाली महिन्याचे छोटे चौकोन आणि महिनाअखेरीस येणारी रक्कम, हे माझ्यासाठी.

अशा पानात तीन भाषा एकत्र नांदतात. एचटीएमएलने बटणे मांडली. सीएसएसने ती मोठी केली, हिरवा, लाल आणि पिवळा रंग दिला. एवढे दोन दुपारींत झाले आणि पान इतके देखणे दिसू लागले की मी मुलीला छायाचित्रही पाठवले. मात्र बटण दाबले तरी काहीच घडत नव्हते. दारावर घंटेचे बटण बसवावे आणि आत तारच जोडू नये, तसा प्रकार. ती तार म्हणजे जावास्क्रिप्ट. या भाषेत बटणाला एक ‘लिसनर’, म्हणजे ऐकणारा, नेमून द्यावा लागतो. तो गप्प कान देऊन बसतो. बटण दाबले गेल्याची चाहूल लागली की त्याला सांगून ठेवलेले काम करतो आणि पुन्हा ऐकत बसतो. तिसऱ्या दुपारी मी ‘आले’ दाबले आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत ‘नोंद झाली’ असे उमटले. सासूबाईंना हाक मारून मी ते सात-आठ वेळा दाबून दाखवले. त्या म्हणाल्या, “झाली नोंद, कळलं. पण कुठं झाली?”

प्रश्न अगदी योग्य होता. पान बंद करून उघडले की सारे पुसले जात होते. त्यासाठी ब्राउझरमध्ये ‘लोकल स्टोरेज’ नावाची एक फडताळासारखी जागा असते. प्रत्येक कप्प्याला एक नाव द्यायचे आणि त्यात मजकूर ठेवायचा. मी तारीख हे कप्प्याचे नाव ठरवले आणि आत ‘आले’ की ‘खाडा’ व किती लिटर, एवढे ठेवले. एका तारखेला एकच कप्पा. त्याच नावाने पुन्हा काही ठेवले तर आधीचे जाते आणि नवे राहते. हे वाक्य मी त्या वेळी वहीत लिहून घेतले होते. त्याचा अर्थ समजायला पुढे सव्वा महिना लागला.

वाढीव दुधाचा आकडा टाकण्यासाठी एक रकाना केला. दीड लिटरात अर्धा लिटर मिळवायला सांगितले, तर उत्तर आले १.५०.५. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. रकान्यात लिहिलेले सारे जावास्क्रिप्टच्या लेखी अक्षरे असतात. अधिकाचे चिन्ह दोन आकड्यांत आले तर ती बेरीज करते आणि अक्षरांत आले तर त्यांना एकापुढे एक चिकटवते. आधी त्या अक्षरांचा आकडा करून घ्यावा लागतो. तसे केले, तर वेगळेच विघ्न उभे राहिले. सासूबाईंच्या सोयीसाठी टॅब्लेटवर मराठी कळफलक होता. त्यावरून ०.५ लिहिले की पान म्हणे ‘नॅन’. ‘नॉट अ नंबर’, म्हणजे हा आकडाच नव्हे, याचे ते लघुरूप. देवनागरी अंक छापायला या भाषेला सांगितले तर ती सुरेख छापते, मराठी पद्धतीने लाखाच्या जागी स्वल्पविरामही देते. वाचायला सांगितले तर मात्र ओळख दाखवत नाही. हा दुजाभाव मला मुळीच आवडला नाही. उपाय सोपा निघाला. संगणकात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. आपल्या शून्याचा क्रमांक २४०६, एकचा २४०७, असे नवापर्यंत ओळीने जाते. अक्षराच्या क्रमांकातून २४०६ वजा केले की हाती खरा अंक येतो. ती चार ओळींची युक्ती मी स्वतः शोधली आणि त्या रात्री मला उशिरापर्यंत झोप आली नाही.

धड्यांत एक इशारा वारंवार येई: ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ही भाषा ०.३ न देता ०.३०००००००००००००००४ अशी देते. संगणक अपूर्णांक दोनाच्या पटीत साठवतो आणि एक दशांश त्या मापात नेमका बसत नाही, हे त्याचे कारण. मला धास्ती वाटली. पण दूध आपण पाव, अर्धा, पाऊण अशाच मापाने घेतो. ही सारी मापे निम्म्याचे निम्मे करूनच झालेली आहेत, त्यामुळे संगणकाला ती बिनचूक कळतात. दशांशाने अडणारे यंत्र पावकी-निमकीत चोख निघावे, याचे मला अजून हसू येते.

महिन्यांचीही एक गंमत आहे. पान ऑगस्टमध्ये सुरू करायचे, म्हणून मी आठवा महिना मागितला, तर सप्टेंबर हजर झाला. जावास्क्रिप्ट महिने शून्यापासून मोजते. जानेवारी शून्यावा, डिसेंबर अकरावा. तारखा मात्र एकपासून. १९९५ च्या मे महिन्यात नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आईक यांनी या भाषेचा पहिला नमुना दहा दिवसांत उभा केला, असे तिच्या इतिहासात सांगतात. त्या घाईत तारखांची व्यवस्था जावा या भाषेतून जशीच्या तशी घेतली गेली आणि शून्यावा महिना तिच्यासोबत आला. वाईट खोड म्हणावी, तर तिचाच एक उपयोगही आहे. महिन्याचे दिवस किती, हे काढायला पुढच्या महिन्याची शून्यावी तारीख विचारायची. पहिल्या तारखेच्या आधीची तारीख म्हणजे मागील महिन्याचा अखेरचा दिवस, तो आपसूक मिळतो. लीप वर्षाचा फेब्रुवारीदेखील चुकत नाही.

एक ओळ तेवढी मी न समजता उचलली. कप्प्याचे नाव म्हणून आजची तारीख वर्ष-महिना-दिवस अशी हवी होती. एका नमुन्यात एकाच ओळीत ते काम झालेले दिसले, मी ते जसेच्या तसे आणले. दुपारी करून पाहिले, रात्री दहालाही पाहिले. तारीख बरोबर येत होती.

जुलैअखेर पान तयार झाले. मुलीने ते इंटरनेटवर एका मोफत जागेत ठेवून दिले आणि १ ऑगस्टच्या पहाटे सासूबाईंनी पहिल्यांदा बटण दाबले. ‘नोंद झाली’ हे शब्द त्यांना लांबूनही दिसले. महिनाभर त्यांनी एक दिवस चुकवला नाही. बटण दाबून झाले की मागे वळून बघत, मी उठले आहे की नाही ते. पेन्सिल हातची गेल्यापासून ओसरलेला उत्साह पुन्हा दिसू लागला होता.

सप्टेंबरच्या १ तारखेला संध्याकाळी मामा पैशांसाठी आले. म्हणाले, “तीस दिवस झाले वहिनी, एक खाडा.” मी टॅब्लेट पाहिला. पान सांगत होते, सत्तावीस दिवस. दिवसाचे दीड लिटर, लिटरला ७० रुपये, म्हणजे दिवसाला १०५. त्यांच्या हिशोबाने ३,१५० आणि पानाच्या हिशोबाने २,८३५. मी टॅब्लेट त्यांच्यासमोर धरून एक, आठ, सोळा आणि बावीस तारखांचे कोरे चौकोन दाखवले. आवाज चढवला नव्हता, पण सौजन्यात किती संशय मावतो ते मला त्या दिवशी कळले. मामा थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिले. “यंत्रावर आलंय म्हंजे माझंच कायतरी चुकलं असंल,” असे म्हणून त्यांनी २,८३५ रुपये घेतले, टोपी सारखी केली आणि निघून गेले.

सासूबाई आतून सारे ऐकत होत्या. मामा गेल्यावर त्या म्हणाल्या, “आठ तारखेला दूध नव्हतं म्हणतेस? मग मी दोन भांडी विरजण कशाचं लावलं?” मी म्हटले, “आई, तुमच्या लक्षात राहिलं नसेल. पानात नोंदच नाही.” हे वाक्य मी बोलले, हे मला आज लिहिताना जड जाते. डोळ्यांनी दिसत नाही म्हणून आठवतही नाही, असा त्याचा अर्थ होत होता आणि तो त्यांना बरोबर पोचला. त्या काही वेळाने एवढेच म्हणाल्या, “खाडा सतराला होता. ओढ्याच्या पुलावर पाणी आलं होतं. तू दुकानातून पिशवी आणलीस.”

पिशवी मीच आणली होती. छत्री उलटी झाली, ओच्यापर्यंत भिजले, सारे आठवले. मी पान उघडले. सतरा तारखेचा चौकोन हिरवा होता, म्हणजे दूध आले.

कोरे चौकोन राहिले असते तर बटण दाबायचे राहून गेले असे म्हणता आले असते. पण ज्या दिवशी दूध आलेच नाही, त्या दिवशी ‘आले’ कोणी दाबले? सासूबाईंनी तर सकाळी सात वाजता, वाट बघून, माझ्यासमोर लाल बटण दाबले होते. ती फुली कुठे गेली?

रात्री मी फडताळातील सर्व कप्पे नावांसह पडद्यावर उतरवण्याची एक ओळ लिहिली. यादी आली, तिच्यात सर्वांत वरचे नाव होते ३१ जुलै. पान घरात सुरू होण्याच्या आदल्या दिवसाची नोंद! मी बराच वेळ त्या ओळीकडे बघत बसले. मग लक्षात आले की ऑगस्टच्या पहिल्या तारखेचा चौकोन कोरा आहे. पहिल्या तारखेचे दूध एक दिवस मागे जाऊन पडले होते.

पण सगळेच दिवस मागे गेले नव्हते. काही जागच्या जागी होते. मी सासूबाईंना विचारले, मामा रोज एकाच वेळी येतात का? त्या म्हणाल्या, “एरवी सव्वापाच. पाऊस असला की पावणेसहा होतात.” मुलीला फोन लावला, तर तिने एका श्वासात कारण सांगितले. मी उचललेली ती ओळ तारीख भारतीय वेळेप्रमाणे देत नाही. ती वैश्विक वेळेप्रमाणे देते, म्हणजे ग्रीनिचची तारीख. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर ठरलेली आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात, म्हणून ३३० मिनिटे, साडेपाच तास आपण पुढे. आपल्याकडे पहाटेचे सव्वापाच वाजतात तेव्हा तिथे आदल्या दिवसाचे रात्रीचे पावणेबारा झालेले असतात. साडेपाच वाजून गेले की तिथेही तारीख बदलते आणि मग ती ओळ आपलीच तारीख देते. मी दुपारी तपासले, रात्री तपासले, चूक दिसणार कशी? ती मध्यरात्र ते साडेपाच एवढ्याच वेळात घडत होती आणि आमचे दूध नेमके त्याच वेळात येत होते.

मग सारा महिना उलगडत गेला. पावसाच्या दिवशी पावणेसहाला बटण दाबले, नोंद त्याच दिवसाच्या कप्प्यात पडली. दुसऱ्या दिवशी ऊन, मामा सव्वापाचला आले, बटण दाबले, तर तीही नोंद पुन्हा कालच्याच कप्प्यात गेली आणि तेथील नोंद पुसून बसली. दोन दिवसांचे दूध एका दिवसाचे झाले. असे महिन्यात तीनदा घडले होते. चौथ्यांदा घडले ते अठरा तारखेला. सतराला सात वाजता ठेवलेली फुली अठराच्या सव्वापाचने पुसून टाकली, म्हणून खाड्याचा चौकोन हिरवा झाला. चार कोऱ्या चौकोनांत आणि एका खोट्या हिरव्यात मामांचे तीन दिवस बुडाले होते. आठ तारखेचे दूध सात तारखेच्या चौकोनात बसले होते, त्याचे विरजण मात्र आठलाच लागले होते.

चूक दुरुस्त करायला तीन ओळी पुरल्या. तयार ओळ काढून टाकली आणि वर्ष, महिना व दिवस वेगवेगळे मागितले. असे मागितले की जावास्क्रिप्ट टॅब्लेटच्या स्थानिक वेळेप्रमाणे उत्तर देते. महिन्यात एक मिळवायचा, एकेरी आकड्याआधी शून्य लावायचे, झाले. मुलगी म्हणाली, “आई, ही चूक सगळ्यांकडून एकदा तरी होतेच, मनाला लावून घेऊ नकोस.” ती करणाऱ्यांच्या बाजूने बोलत होती. ज्याचे ३१५ रुपये कापले गेले, तो या सगळ्यांत कुठे येतो, हे तिलाही सुचले नाही आणि तोवर मलाही पुरते सुचले नव्हते.

दुसऱ्या पहाटे पाचला मी पायरीवर जाऊन बसले. मामा सायकलवरून उतरले, मला पाहून दचकले. मी पैसे पुढे केले आणि चूक माझ्या पानाची होती, तुमचा हिशोब बरोबर होता, असे सांगितले. वैश्विक वेळ वगैरे काही सांगितले नाही. ते माफी मागताना सांगण्यासारखे नव्हते. मामांनी पैसे घेतले. मग खिशातून छोटी वही काढून माझ्या हातात दिली. “मग हे पण बघून घ्या. कुठले तीन ते कळंना, म्हणून अंदाजानं खोडले.”

आमच्या घराच्या पानावर ऑगस्टच्या तीस टिंबांपैकी तीन टिंबांवर काट मारलेली होती. पाच, बारा आणि वीस. माझ्या यंत्रावर विश्वास ठेवून त्यांनी स्वतःची खरी वही खोटी करून घेतली होती. वडिलांच्या रोजकीर्दीत खोडलेला आकडा कधी दिसत नसे. चूक झाली तर पुढे वेगळी नोंद घालून ती सुधारायची, जुन्यावर काट मारायची नाही, असा त्यांचा कडक शिरस्ता होता. आडतीत वाढलेल्या त्यांच्या मुलीने असे पान केले, जे लिहिलेल्यावर न विचारता लिहीत होते आणि वर ‘नोंद झाली’ म्हणत होते.

सासूबाई तोवर पातेले घेऊन बाहेर आल्या होत्या. त्यांनी मामांना वही वाचायला लावली आणि एकेक तारीख तोंडाने सांगत गेल्या. पाचला दूध आलं, लावा टिंब. बाराला आलं. वीसला आलं, त्या दिवशी तुमच्या नातवाला सोबत आणलं होतंत. मामा काट मारलेल्या टिंबांशेजारी नवी टिंबे देत होते. मागच्या घरांचे दूध थांबले होते, पण दोघांपैकी कोणालाही घाई नव्हती.

पानात मी त्यानंतर दोन गोष्टी बदलल्या. त्या तारखेच्या कप्प्यात आधीच काही असेल तर पान आता थांबते आणि विचारते. हे पहिल्यापासून असते तर ४ ऑगस्टलाच चूक पकडली गेली असती. दुसरी गोष्ट सासूबाईंनी मागितली. “नुसतं नोंद झाली म्हणतं, कुठली नोंद ते सांगत नाही. मला दिसत नाही, ऐकू तर येतं.” ब्राउझरला लिहिलेले वाचून दाखवण्याचीही सोय असते आणि आमच्या टॅब्लेटात मराठी आवाज होता. आता बटण दाबले की पान तारीख आणि लिटर मोठ्याने उच्चारते. आवाज थोडा कोरडा आहे आणि ‘दीड’ऐवजी ‘एक पूर्णांक पाच’ असे म्हणे, तेवढे मी बदलून घेतले.

भाद्रपदातील उपवासांच्या दिवसांत दूध कमी लागते, म्हणून ‘कमी’ असे चौथे बटण लागले. तेही झाले. पेन्सिल सासूबाईंनी परत मागून घेतली आहे. दिनदर्शिका मोठ्या चौकोनांची आणली आणि पेन्सिलीच्या जागी जाड काळे मार्कर पेन. पान बोलले की त्या तारीख स्वतः पुन्हा म्हणतात, मग टिंब देतात.

परवा मामांनी सांगितले, सोळा तारखेपासून लिटरमागे दोन रुपये वाढणार. मी मान डोलावली आणि मग दुपारी आठवले, पानात भाव एकाच जागी लिहिलेला आहे. तो बदलला की पहिल्या पंधरा दिवसांचे दूधही नव्या भावाने मोजले जाईल आणि या वेळी तोटा आमचा होईल. भाव प्रत्येक नोंदीसोबत वेगळा ठेवावा लागणार. सोळा तारखेला अजून चार दिवस आहेत.